ह्यांच्या नावाचा हिरो

मालिका बघणाऱ्या बायकांना नावं ठेवणारा पाहुणा घरी आला, की मी त्याला मुद्दाम मालिकेच्या वेळेला चहा देते. चहा गार होतो, तोंडाने नावं ठेवणं चालू राहतं आणि डोळे टीव्हीवरून हलत नाहीत. जाहिरात लागली की पाहुणा विचारतो, "ती हिरव्या साडीतली कोण म्हणायची?" मी सांगत नाही. ज्याला मालिका कळते त्याने कष्टाने कळून घेतलेली असते.

मी स्वतः मालिका बघते म्हणजे तिच्याशी भांडते. आमच्या येडगावात दिवसभर टोमॅटोच्या सरीत वाकून घरी आलेली बाई भिंतीला टेकून बसते आणि टीव्हीतली बाई भरजरी साडीत, अंबाडा बांधून, कानात झुमके घालून झोपते. झोपते म्हणजे पांघरूणसुद्धा न चुरगळता झोपते. स्वयंपाकघरात तिच्यासमोर कढई असते, पण मोहरी तडतडलेली मी आजवर ऐकलेली नाही. गुपित सांगायचं झालं तर दार सताड उघडं ठेवून, माजघरात उभं राहून, मोठ्याने सांगतात. आमच्या घरात गुपित बोलायचं तर कालव्याच्या कडेला जावं लागतं, आणि तरी ते आपल्याआधी घरी पोचतं. शेतकऱ्याच्या घरातली म्हणून एक मालिका लागायची. त्यातला शेतकरी उठता-बसता मातीबद्दल बोलायचा, पण त्याने एकदासुद्धा "लाईट किती वाजता येणार?" असं विचारलं नाही. मी ती मालिका त्याच मुद्द्यावर सोडली. पुन्हा धरली, कारण पुढे काय झालं ते कळेना.

स्पर्धांचे कार्यक्रम हा सासऱ्यांचा प्रांत. गाण्याची स्पर्धा, नाचाची, स्वयंपाकाची, काहीही. त्यांचं म्हणणं असं, की मालिका खोटी आणि स्पर्धा खरी, कारण तिथली माणसं स्वतःच्या नावाने येतात, गाव सांगतात आणि हरली की घरी जातात. मी त्यांना किती वेळा म्हटलं, की अहो, गाणं सुरू व्हायच्या आधीच पोराच्या आईचे हाल दाखवतात, मागे रडकी सनई लावतात, मग त्याने बेसूर गायलं तरी कोण काय बोलणार? परीक्षक तीन असतात: एक रडायला, एक हसायला आणि एक "सुंदर, पण" म्हणायला. स्वयंपाकाच्या स्पर्धेत तर परीक्षक चमच्याच्या टोकावर येईल एवढंच खातो आणि डोळे मिटतो. तेवढ्याने चव कळत असती तर आपल्याकडे पंगतीला एवढी ताटं कशाला मांडली असती? पण सासऱ्यांना ते डोळे मिटणं फार आवडलं. तेव्हापासून ते माझ्या कालवणाचा पहिला घास घेऊन डोळे मिटतात आणि म्हणतात, "धापैकी सात. मीठ सुरात न्हाई."

सासूबाईंचं मत याच्या बरोबर उलट. स्पर्धा खोटी, कारण तिथे कालचा माणूस आज नसतो. मालिका खरी, कारण तिथली माणसं रोज भेटतात. खोटं असतं तर ती माणसं एवढी रडली असती का, हा त्यांचा शेवटचा प्रश्न. टीव्ही एकच. म्हणून सोमवार ते शुक्रवार सासूबाईंचे, शनिवार-रविवार सासऱ्यांचे, असा तह झालेला आहे. मी दोन्हीकडची. दोन्हींवर विश्वास नाही आणि दोन्हींतलं काही चुकवत नाही.

तर अशात एक नवी मालिका सुरू झाली आणि तिच्या हिरोचं नाव निघालं नेमकं माझ्या सासऱ्यांचं. हल्ली मालिकावाल्यांना जुन्या नावांचे डोहाळे लागलेत, त्यातलंच हे. पहिल्याच भागात हिरोच्या बापाने त्याला जिन्यावरून खणखणीत हाक मारली आणि शेंगा फोडत बसलेल्या सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी शेंगा फोडत राहिले.

ते नाव मी इथे लिहीत नाही. सासूबाई जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात, डोहाळजेवणात उखाण्यातून घेतलं असेल तेवढंच. दवाखान्यात विचारलं तर त्या माझ्याकडे बोट करतात आणि मी सांगते. भावकीत त्याच नावाचा एक माणूस आहे, त्याला त्या "ह्यांच्या नावाचा" म्हणतात. आमच्याकडच्या सगळ्याच म्हाताऱ्या तसं म्हणतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. आता हा हिरो आला म्हटल्यावर तो झाला "ह्यांच्या नावाचा हिरो". पण मालिका रोजची. रोज एवढं लांबलचक कोण म्हणणार? महिन्याभरात त्याचं झालं "ह्यांच्या नावाचा", आणि दिवाळीपर्यंत नुसतं "हे".

मग जेवताना सासूबाई मला सांगायच्या, "ह्यांनी आज तिला घराबाहेर काढली," आणि समोर भाकरी मोडत बसलेले सासरे दचकून विचारायचे, "कुणाला?" कधी ह्यांना कोणीतरी सरबतातून विष द्यायचं, कधी हे परदेशी निघायचे. सासऱ्यांना हळूहळू सवय झाली. आपण विमानात बसलो असं कळलं, की ते फक्त "पोचलो का?" एवढं विचारायचे.

बाहेरच्यांना मात्र सवय नव्हती. सासूबाईंची बहीण जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगरात, भाताच्या गावात दिलेली. तिकडे फोनला रेंज कमी, निम्मे शब्द ओढ्यात पडतात. एका संध्याकाळी सासूबाईंनी तिला जीव तोडून सांगितलं, की ह्यांच्या डोक्याला लागलंय आणि कोणाला ओळखत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण मुलाला घेऊन जीप करून हजर. सासरे शेतात टोमॅटोच्या वेलीला सुतळी बांधत होते. भाचा मावशीकडे शेवटचा आला तेव्हा चड्डीत होता, आता दाढी ठेवून आलेला. सासऱ्यांनी त्याला खालून वर बघितलं आणि विचारलं, "कोण रं तू?" सासूबाईंची बहीण तिथंच बांधावर बसली आणि तिने गळा काढला. सासऱ्यांनी भाच्याला विचारलं, की ह्या बाईला काय झालंय? मग तिला आवरणं अवघड गेलं.

त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. मी सासूबाईंना समजावलं, की आई, तुम्ही त्याला नुसतं हिरो म्हणा. त्यांनी एक दिवस म्हणून बघितलं. मग म्हणाल्या, हिरो म्हटलं की पोरगं उनाड वाटतं, आणि हा तर घरंदाज आहे. विषय संपला.

आता खरी गोष्ट. माझी मुलगी मंचरला एका दवाखान्यात नर्स आहे. तिला तिथलंच एक स्थळ आलं होतं. मुलाचं कृषी सेवा केंद्र. बघण्याचा कार्यक्रम झाला, पसंती झाली, आणि दोघांचं फोनवर बोलणं सुरू झालं. माझी पोर फार तोंडाळ, टीव्हीच्या रिमोटवरून आज्याशी भांडणारी. ती त्या दिवसांत एवढी गोड वागायला लागली, की मी समजले, हिला मुलगा नुसता पसंत नाही, आवडलाय. सुपारी फोडायची तारीख तेवढी ठरायची राहिली होती. आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न पक्कं, त्याआधी सगळं नुसतं बोलणं.

त्याच आठवड्यात मी सासूबाईंना डोळे तपासायला आळेफाट्याला नेलं. शेजारची काकू पण होती, तिलाही डोळे दाखवायचे होते. डॉक्टरांनी दोघींच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि डोळे मिटून बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. मी औषधं आणायला खाली गेले. काकूच्या घरची लाईट आदल्या दिवशी गेलेली, तिचा मालिकेचा भाग बुडालेला. डोळे मिटलेल्या, हात मोकळे, आणि समोर विचारणारी बाई. सासूबाईंनी सुरुवात केली. पुढचं सगळं मला नंतर काकूने सांगितलं.

"काल ह्यांनी दुसरी आणली की गं. मंगळसूत्र घालूनच. पयलीच्या म्होरं उभी केली आन् म्हणाले, हिचं बी घर हाय हे."

"मग पयली काय म्हणली?"

"काय म्हणतीय? रडली आन् खीर केली. पर ह्यांचं मन पयलीवरच हाय, मला म्हायती हाय."

बाकाच्या टोकाला आणखी एक बाई बसली होती. थोड्या वेळाने कंपाउंडरने सासूबाईंचं नाव, आडनाव, गाव मोठ्याने पुकारलं आणि ती बाई ताठ झाली. ती मुलाची आत्या होती. जवळच आळे गावात दिलेली, पण माहेरच्या घरात तिचा शब्द मोठा, आणि बघण्याच्या कार्यक्रमाला तिला यायला जमलं नव्हतं, म्हणून आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो.

तीन-चार दिवसांनी मंचरवरून निरोप आला, की सुपारीचं जरा थांबवू. कारण सांगेनात. माझी पोर ड्यूटीवरून आली ती न जेवता झोपली. मुलगा फोनवर नुसतं "घरचे बघतायत" म्हणत होता, त्यालाही धड सांगितलेलं नव्हतं. शेवटी मध्यस्थ आले. त्यांनी चहा घेतला, पावसाबद्दल बोलले, बिबट्याबद्दल बोलले, मग माझ्या नवऱ्याला खांद्याला धरून ओट्यावर नेलं आणि विचारलं, की तुमच्या वडिलांनी दुसरं घर केलंय का, मुलाच्या आत्याने आळेफाट्याच्या दवाखान्यात तुमच्या आईच्याच तोंडून ऐकलं म्हणतात?

माझे सासरे काठी घेऊन डेअरीपर्यंत जातात आणि वाटेत दोनदा बसतात. नवरा आधी हसला. मग मध्यस्थ हसत नाहीत हे बघून थांबला. मी आतून ऐकत होते. दवाखान्यातला बाक आठवला आणि हातातलं पीठ तसंच परातीत टाकून मी सासूबाईंकडे गेले. त्यांनी कपाळाला हात लावला. सासऱ्यांना कळलं तेव्हा ते आधी चिडले. मग "ह्या वयात?" असं दोनदा म्हणाले आणि त्या आठवड्यात रोज दाढी करून डेअरीला गेले.

रविवारी मंचरची माणसं आली. मुलगा, त्याचे आई-वडील आणि आत्या. मी मनात म्हटलं, मालिकेचा घोळ आहे, मालिका दाखवली की मिटलं. पण आत्याबाई निघाल्या सासऱ्यांच्या पार्टीतल्या. मालिका त्या बघतच नाहीत. त्यांना फक्त गाण्याच्या स्पर्धा आवडतात. आल्या आल्या सासऱ्यांनी आणि त्यांनी, एका पोरीला परीक्षकांनी कसं अन्यायाने बाहेर काढलं यावर एवढ्या तावातावाने एकमत केलं, की मला वाटलं आता सुपारी फोडूनच उठतात. मग त्यांना आठवलं आपण कशाला आलोय. त्यांनी पदर सावरला आणि सासऱ्यांकडे बघून म्हणाल्या, की तोंडावरून वाटत नाही, पण पुरुषाचं काय सांगावं. सासरे उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मी सगळं सांगितलं. हिरोचं नाव, नाव न घेण्याची रीत, ह्यांच्या नावाचा, मग नुसतं हे. आत्याबाई ऐकून घेत होत्या, पण पटल्याचं दिसेना. मुलीने मोबाईलवर मालिका लावून पुढे धरली. त्यांनी हाताने बाजूला सारली. मोबाईलवर हल्ली काहीही बनवतात, असं त्या म्हणाल्या, आणि मालिका तर सगळ्याच खोट्या. मी सून म्हणजे घराचं झाकणारच. त्यांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं, की त्या माऊलीने रडत रडत खीर केली. पहिली म्हणजे माझ्या सासूबाईच, लाजेने स्वतःला पहिली म्हणत असणार, असा त्यांचा हिशेब. खरं तर त्यांना सासूबाईंचीच दया आली होती, आणि दया आलेल्या बाईची समजूत घालणं चिडलेल्या बाईपेक्षा अवघड असतं.

मग त्या सासूबाईंकडे वळल्या. आवाज मऊ करून म्हणाल्या, "आजी, भिऊ नका. तुमीच सांगा. टीव्हीतल्या त्या बाप्याचं नाव काय हाय?"

सासूबाई गप्प.

सासूबाई जमिनीकडे बघत होत्या. त्यांची बोटं पदराचं टोक गुंडाळत होती आणि सोडत होती. आत्याबाईंनी मुलाच्या आईकडे बघितलं, बघितलंस ना, अशा नजरेने. मला एवढा राग आला, की परात उचलून आपटावी. माझ्या पोरीचं लग्न एका नावावर अडलं होतं, नाव घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, रेशन कार्डावर ठळक छापलेलं होतं, आणि जिने सांगायचं तिच्या तोंडातून ते निघत नव्हतं. आणि सासूबाईंवर चिडताही येईना, कारण त्या खोटं झाकत नव्हत्या. त्यांच्याकडे बघून मला नुसतं भरून आलं.

मी म्हटलं, "आई, उखाण्यात घ्या."

त्यांनी मान हलवली. उखाणा सुचायलाही मन ठिकाणावर लागतं. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांच्या बश्यांचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रेमधले चमचे बारीक वाजत होते. सासूबाईंनी तो आवाज ऐकला आणि नातीकडे बघितलं.

मग त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, मान वर केली आणि नाव घेतलं. उखाणा नाही, राव नाही, पंत नाही. कपाळापर्यंत लाल झाल्या होत्या, पण आवाज एवढा मोठा लागला, की कालव्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी.

बाहेरून ओट्यावरून लगेच उत्तर आलं, "ओ!"

आणि काठी टेकत सासरे दारात. चेहऱ्यावर असा भाव, की त्यांना कोणीतरी स्टेजवर बोलावलंय. सगळं आयुष्य ह्या बाईने त्यांना "अहो" आणि "ऐकलं का" म्हटलेलं. त्यांनी विचारलं, "काय गं?"

सासूबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमाला न्हाई. टीव्हीतल्याला."

आधी मुलगा हसला. मग त्याचे वडील. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलायला लागले आणि डोळ्यांतून पाणी आलं. हसून झाल्यावर त्यांनी सासूबाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, की जिला नवऱ्याचं नाव घ्यायला एवढा घाम फुटतो, तिच्या घरात दुसरी येईल कशी, तिला उंबऱ्यावरच लाज वाटेल. हे काही फार पटण्यासारखं नव्हतं, पण मी वाद घातला नाही. पोहे खाल्ले आणि त्याच बैठकीत सुपारी फुटली. माझी पोर आत जाऊन भिंतीला टेकून रडली आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवला. मलाही रडू आलं, सनईबिनई काही नसताना.

उन्हं कलायच्या आत पाहुणे निघाले. आत्याबाईंनी जाता जाता मला हळूच विचारलं, की त्या दुसरीचं पुढे काय झालं, आणि मालिका किती वाजता असते. त्यांची गाडी कालव्याच्या पुलावरून वळेपर्यंत आम्ही सगळे दारात उभे होतो. मग नवरा खुर्च्या उचलायला लागला. मी कप गोळा करत होते. सासरे आणि सासूबाई अजून तिथंच होते.

सासऱ्यांनी आजूबाजूला बघितलं. मी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं, किंवा आलं असून चाललं असावं. ते म्हणाले, "मघाचं ते परत एकदा म्हण की."

"कोणतं?"

"नाव."

सासूबाईंनी पदर नीट केला. "आता कशाला? पावणं गेलं की."

सासऱ्यांनी रस्त्याकडे बघितलं. गाडीची धूळ अजून खाली बसलेली नव्हती.

"मग माघारी बोलावू का?" त्यांनी विचारलं.